छपरात घुबड, खिशात पंचायतीचं लायसन: गावचं घर दुरुस्त करताना नक्की कोणाची परवानगी लागते?

गेल्या एप्रिलची गोष्ट. गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचं जुनं घर आहे, चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं आणि मागच्या अंगाला गोठा, ज्यात आता गुरं नाहीत, फक्त सुकी लाकडं, चुडतं आणि आजोबांचा नांगर. पावसाच्या आधी गोठ्याचे वासे बदलून तिथे एक खोली काढायची असं ठरलं, पंचायतीचे खेटे मारून झाले, कागद हातात आला आणि मेस्त शिडीवर चढला. दोन कौलं काढली आणि तसाच थांबला. "बाब, आत कोणतरी फुसफुसतंय." मला वाटलं नाग. मी वर चढून मोबाईलचा टॉर्च मारला तर भिंत आणि वाशाच्या मधल्या बेचक्यात तीन पिल्लं बसलेली, अंगावर मळका पांढरा कापूस चिकटवल्यासारखा, तोंडं बदामाच्या आकाराची, आणि तिघंही एकसुरात प्रेशर कुकरची शिटी लीक व्हावी तसा आवाज काढत होती. खाली उंदरांच्या हाडांचे आणि केसांचे काळे गोळे पडलेले. गव्हाणी घुबड.

मेस्त म्हणाला टोपलीत घालून कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, ठेवतो, अर्ध्या तासाचं काम. शेजारची काकी म्हणाली ताबडतोब घालवा, घरावर घुबड बरं नव्हे. तिच्याच सुनेचं म्हणणं, अहो लक्ष्मीचं वाहन ते, राहू द्या. मी मात्र खिशातला कागद चाचपत होतो, कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट की लायसन आहे ना, मग काम थांबवायचं कशाला?

तर मुद्दा इथेच आहे. ते लायसन घराचं आहे, घुबडाचं नाही. बांधकामाची परवानगी ही एक फाईल आणि वन्यप्राण्यांचा कायदा ही दुसरी, आणि आपल्याकडे साध्या घराच्या बाबतीत या दोन फाईली एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. त्या भेटतात थेट तुमच्या छपरावर, तुमचा मेस्त शिडीवर असताना.

आधी बांधकामाची फाईल बघू, पटकन, कारण ती गोव्यात सगळ्यांनाच थोडीफार माहीत असते. गावात घर बांधायचं, वाढवायचं तर गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ खाली पंचायतीची परवानगी लागते. त्याआधी टाऊन अँड कंट्री प्लॅनिंगवाले म्हणजे टीसीपी तुमचा प्लॅन बघतात, जमीन सेटलमेंट झोनमध्ये म्हणजे वस्तीसाठीच्या भागात आहे का, रस्ता किती, मागे पुढे किती जागा सोडली वगैरे. जमीन शेतीची असेल तर सनद लागते, म्हणजे बिगरशेती वापराचा दाखला. कुळ कायद्याने मिळालेली जमीन असेल तर विषयच वेगळा, १९९१ च्या जमीन वापर कायद्याप्रमाणे ती शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. आणि फार्महाऊस म्हणाल तर किमान ४००० चौरस मीटर जमीन पाहिजे. हे सगळं एक-चौदाचा उतारा (आपला गोव्याचा सात-बारा) हातात घेऊन बसलं की कळतं.

आता या सगळ्या कागदांमध्ये एक ओळ शोधून दाखवा, जिथे विचारलंय की तुमच्या माळ्यावर कोण राहतं? नाही सापडणार. बिल्डिंग प्रोजेक्टचा पर्यावरण अभ्यास २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे लागतो तो बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर. २०,००० चौरस मीटर म्हणजे टॉवरच्या टॉवर, आपल्या गोठ्याचा तिथे संबंधच नाही. म्हणजे तुमच्याकडे कोणी येऊन बघणार नाही, कोणी विचारणार नाही, आणि म्हणून लोकांना वाटतं की विचारलं नाही म्हणजे चालतं.

चालत नाही. दुसरी फाईल बघा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. याच्या कलम ९ मध्ये शिकारीला बंदी आहे, आणि शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक, रानडुक्कर, रात्रीची जीप असलं काहीतरी येतं. पण कायद्यातली शिकारीची व्याख्या वाचलीत तर दचकाल. मारणं, विष घालणं, पकडणं, फासे लावणं हे तर आहेच, पण हुसकावणं पण आहे. आणि पक्षी किंवा सरपटणारे प्राणी असतील तर त्यांची अंडी फोडणंच काय, अंड्यांना किंवा घरट्याला नुसतं डिस्टर्ब करणं हे सुद्धा शिकारीतच धरलंय. म्हणजे मेस्ताची ती टोपली, अगदी चांगल्या मनाने कुळागरात नेऊन ठेवलेली, कायद्याच्या भाषेत शिकार. मी हे मेस्ताला सांगितलं तर तो इतका हसला की शिडी हलली.

२०२२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आधी सहा शेड्यूल म्हणजे याद्या होत्या, आता चार. पहिल्या दोनमध्ये प्राणी, तिसऱ्यात झाडं, चौथं आंतरराष्ट्रीय व्यापाराशी संबंधित. पहिल्या शेड्यूलमधला प्राणी असेल तर शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि वर दंड किमान २५,००० रुपये. बाकीच्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या शेड्यूलमध्ये फक्त वाघ-बिबटे असतात असा समज असेल तर तो काढून टाका. नाग आहे, अजगर आहे, घोरपड आहे. गोव्यातल्या कुठल्याही चिऱ्याच्या जुन्या कुंपणात यातलं एक तरी सापडतंच. (घोरपडीवरून आठवलं, आपलं घुमट, ते मातीच्या मडक्याचं वाद्य, आधी तिच्याच चामड्याने मढवायचे. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, पण वाजतं ते आता बकऱ्याच्या चामड्यावर. जुने वाजवणारे म्हणतात तो नाद नाही, असेल, पण त्या नादाला सात वर्षं हा भाव जरा जास्तच झाला.)

आता वटवाघळांचं बघू, कारण जुन्या घरात घुबडापेक्षा तीच जास्त. यांचं प्रकरण फार मजेशीर आहे. १९७२ च्या मूळ कायद्यात फळं खाणारी वटवाघळं पाचव्या शेड्यूलमध्ये होती, म्हणजे कावळा, उंदीर, घूस यांच्या पंगतीत, उपद्रवी प्राणी म्हणून. मारलं तरी कोणी विचारत नव्हतं. तीच वटवाघळं रानात बिया टाकतात, रात्री फुलणाऱ्या झाडांचं परागीभवन करतात, पण यादी करणाऱ्यांनी बहुतेक फक्त चिकू आणि पेरू खाताना बघितलं असावं. २०२२ च्या दुरुस्तीत ते उपद्रवींचं शेड्यूलच गेलं. केंद्र सरकार अजूनही एखादा प्राणी ठराविक भागापुरता, ठराविक काळापुरता उपद्रवी जाहीर करू शकतं, पण कायमची यादी नाही.

आणि दुसऱ्या टोकाला, आपल्या चोर्ला घाटाच्या पलीकडे खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यात बारापेडे गुहा आहेत, तिथे राहणारं रॉटनचं फ्री-टेल्ड वटवाघूळ जुन्या कायद्यातसुद्धा पहिल्या शेड्यूलमध्ये, वाघाच्या बरोबरीने. कितीतरी वर्षं जगात त्याची वसाहत फक्त त्या गुहांतच माहीत होती. म्हणजे एकाच कायद्यात एक वटवाघूळ उंदरासोबत आणि एक वाघासोबत. छपरात लटकलेलं कुठलं ते टॉर्च मारून तुम्हा-आम्हाला कळणार नाही, म्हणून जात ओळखायचं काम वन खात्यावर किंवा जाणकारांवर सोडायचं.

इथे कायद्यात एक भोक आहे. पक्ष्याचं घरटं कायद्यात लिहिलंय, पण वटवाघूळ हा सस्तन प्राणी, ते घरटं बांधत नाही, नुसतं लटकतं, आणि त्याच्या लटकायच्या जागेबद्दल त्या व्याख्येत शब्द नाही. म्हणजे वटवाघळं बाहेर गेलेली असताना तुम्ही भोक बुजवलंत तर अडचण तेवढी नाही, आत असताना धूर केलात, फटाका लावलात तर ते हुसकावणं. धुराची पद्धत आपल्याकडे फार आहे, ओल्या चुडतांचा धूर करायचा आणि दार लावून घ्यायचं. त्यात मोठी उडून जातात आणि पिल्लं खाली पडतात, मग चार दिवसांनी वास सुटला की परत मेस्ताला बोलवायचं.

या बाबतीत इंग्लंडचा कायदा अगदी उलट टोकाला आहे, आणि मला तो कळला माझ्या मावसभावामुळे. तो स्विंडनला असतो (आपल्यातली किती माणसं तिथे आहेत ते वेगळं सांगायला नको), एका बिल्डरकडे कामाला आहे. त्यांच्या भागात जुने शेतावरचे कोठारवजा गोठे, ज्यांना ते बार्न म्हणतात, ते घरात बदलायची फॅशन आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने फोन करून सांगितलं की आमचं एक काम अख्खा सीझन बंद आहे, कारण बार्नमध्ये वटवाघळं निघाली. किती, विचारलं तर म्हणे सहा. आम्ही घरी सगळे हसलो. आमच्या माळ्यावर साठ तरी असतील.

पण नंतर मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं तेव्हा हसू गेलं. तिथे वटवाघळांच्या सगळ्याच जाती संरक्षित आहेत, यादी-बिदी बघायची भानगड नाही. १९८१ चा एक वन्यजीव कायदा आहे आणि २०१७ चे अधिवासाचे नियम, आणि त्यात वटवाघळाची राहायची जागा, ते म्हणतात रूस्ट, तीच संरक्षित आहे. म्हणजे हिवाळ्यात तिथे एकही वटवाघूळ नसलं तरी ती जागा मोडता येत नाही, कारण ती परत येतात. गव्हाणी घुबड तिथे १९८१ च्या कायद्याच्या पहिल्या यादीत, घरट्यावर बसलेलं असताना डिस्टर्ब केलं तरी गुन्हा. आणि मुख्य म्हणजे, हे सगळं बांधकामाच्या फाईलीतच विचारलं जातं. जुना गोठा म्हटला की प्लॅनिंगवाले आधी सर्व्हेचा रिपोर्ट मागतात. दिवसा येऊन लेंड्या, फटी, डाग बघायचा प्राथमिक सर्व्हे वर्षभर कधीही होतो, पण संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून कितीजण उडाले ते मोजायचा सर्व्हे साधारण मे ते सप्टेंबर एवढाच. सप्टेंबर चुकला की पुढचा मे. म्हणून त्याचं काम सीझनभर बंद होतं.

आणि वटवाघूळ निघालं म्हणून परवानगी नाकारतात असंही नाही हं, हा गैरसमज तिकडेही आहे म्हणे. प्लॅनिंगची परवानगी मिळाल्यावर नॅचरल इंग्लंड नावाच्या सरकारी संस्थेकडून वेगळं लायसन काढायचं. त्यासाठी तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात, काम लोकहिताच्या दृष्टीने तेवढं गरजेचं आहे, दुसरा बरा पर्याय नाही, आणि त्या जातीची एकूण स्थिती बिघडणार नाही. मग अटी घालतात. भावाने त्या बार्नच्या छपराचा फोटो पाठवला होता, वरच्या टोकाला वटवाघळांसाठी वेगळी बंद खोली ठेवलेली, बोट जाईल एवढी फट, आणि छपराखाली साधा जुन्या पद्धतीचा डांबरी फेल्ट. आजकालचा हवा खेळणारा मेम्ब्रेन नाही, कारण त्याचे धागे सुटतात आणि वटवाघळांची नखं त्यात अडकून ती लटकूनच मरतात. एवढ्या बारीक गोष्टीचा विचार कोणीतरी सरकारी कागदात केलाय याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. अर्थात त्याचे पैसे मालकाच्या खिशातून जातात आणि मालक शिव्या घालतो, ते तिथेही सेमच.

आपल्याकडे तसं लायसन काढता येतं का? मी शोधलं. मुख्य वन्यजीव रक्षकाला कलम ११ खाली परवानगी देता येते, पण ती प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला असेल किंवा बरा न होण्यासारखा जखमी-आजारी असेल तर, आणि दुसऱ्या शेड्यूलमधल्या प्राण्याने मालमत्तेला किंवा उभ्या पिकाला धोका केला तर. कलम १२ आहे ते शिक्षण, संशोधन वगैरेसाठी. छप्पर बदलायचंय, वासे कुजलेत, हे कारण कुठेच बसत नाही. म्हणजे इंग्लंडमध्ये कायदा कडक आणि वाट आखलेली, आपल्याकडे कायदा कागदावर कडक आणि वाटच नाही, त्यामुळे लोक सरळ रात्री काम उरकतात. माझं स्पष्ट मत, हा दोष लोकांचा कमी आणि फाईलींचा जास्त. पंचायतीच्या फॉर्मवर एक ओळ टाकली, छपरात किंवा तोडायच्या झाडावर घरटं आहे का, आणि असेल तर वन खात्याच्या रेंज ऑफिसला कळवा, तर अर्धं काम होईल. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असते, गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंदवही ठेवणं तिचंच काम, ती वही कपाटात ठेवण्यापेक्षा लायसनच्या टेबलावर ठेवली तर बरं.

झाडाचा विषय निघालाच आहे तर, घरासाठी झाड तोडायचं असेल तर १९८४ चा वेगळा झाडांचा कायदा आहे, वन खात्याच्या ट्री ऑफिसरची परवानगी लागते, स्वतःच्या भाटातलं म्हणजे बागेतलं झाड असलं तरी. लोक आंबा-फणस तोडून मोकळे होतात आणि नंतर शेजारी तक्रार करतो. आणि जमीन मोठी असेल, त्यावर जंगली झाडं दाट असतील तर ती खाजगी वन ठरू शकते. गोव्यात त्याचे निकष ठरलेत, सलग किमान ५ हेक्टर, ७५ टक्के जंगली जाती आणि झाडांच्या शेंड्यांची दाटी ०.४ पेक्षा कमी नाही. तशी निघाली तर सनद, टीसीपी सगळं विसरा.

मग अभयारण्याशेजारचे गाव. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, मोलेचं भगवान महावीर, चोडणचं सलीम अली, एवढ्याशा राज्यात सहा अभयारण्यं, त्यामुळे शेजारी म्हणजे अर्धी सत्तरी आणि सांगे-काणकोणचा मोठा भाग आला. इथे एका शब्दाने सगळा घोळ होतो, इको सेन्सिटिव्ह. रिजनल प्लॅन २०२१ मध्ये इको-वन आणि इको-टू असे रंग आहेत, पहिल्यात जंगल, पाण्याच्या जागा, खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती वगैरे, दुसऱ्यात बागायती. ती झाली टीसीपीची भाषा. अभयारण्याभोवतीचा इको सेन्सिटिव्ह झोन हा वेगळा, तो केंद्राचं पर्यावरण मंत्रालय पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली काढतं. तुमची जमीन एकात असेल आणि दुसऱ्यात नसेल असं होऊ शकतं, दोन्ही वेगवेगळे तपासायचे. या झोनच्या अधिसूचनांचा साधारण रोख असा असतो की खाणी, क्रशर, प्रदूषण करणारे कारखाने बंद, हॉटेल-रिसॉर्टवर बंधनं, पण स्थानिकांनी स्वतःच्या जमिनीत स्वतःला राहायला घर बांधायला मनाई नाही. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळीकडे किमान एक किलोमीटरचा झोन आणि त्यात नवीन कायमचं बांधकाम नको असं म्हटलं तेव्हा गावागावात घबराट झाली होती, पण एप्रिल २०२३ मध्ये कोर्टानेच तो आदेश बदलला. चहाच्या गाड्यावर मात्र अजून २०२२ चाच आदेश चालतो.

व्याघ्र प्रकल्पाचं पण तसंच. जानेवारी २०२० मध्ये म्हादईत चार वाघ विष घालून मारले गेले, जुलै २०२३ मध्ये हायकोर्टाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. त्यावर भांडायचं ते भांडा, पण तुमच्या गोठ्याच्या वाशांचा त्या केसशी काही संबंध नाही. घुबडाचा कायदा म्हापशात तोच, वाळपईत तोच.

तर आमच्या गोठ्याचं काय झालं. मी रेंज ऑफिसला फोन केला, एक गार्ड आला, वर चढून बघितलं, आणि म्हणाला हात लावू नका, पंखांची पिसं फुटायला लागलीत, महिनाभरात जातील. गव्हाणी घुबडाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण दोन महिन्यांत उडतात, त्यामुळे हिशोब जुळत होता, फक्त पाऊस आडवा येत होता. मेस्ताने तोंड वाकडं केलं, पण मग त्यानेच तोडगा काढला. पुढच्या बाजूचं छप्पर पूर्ण केलं, मागच्या कोपऱ्यातली तेवढी चार-पाच हात जागा सोडली, तिच्यावर ताडपत्री बांधली आणि जायला-यायला एका बाजूने उघडी ठेवली. पहिला मोठा पाऊस आला त्या रात्री मी दोनदा उठून बघितलं, मोठं घुबड तोंडात उंदीर घेऊन ताडपत्रीखाली शिरलं तेव्हा झोपायला गेलो.

जून संपता संपता कोपरा रिकामा झाला. काम परत चालू केलं ते चवथीच्या आधी, भर पावसात, मेस्ताने त्याचे जास्तीचे पैसे घेतले आणि मी मुकाट दिले. शेवटचं कौल लावताना त्याने विचारलं, "बाब, हे भोक बुजवू की ठेवू?" ठेव म्हटलं. खाली खोलीच्या बाजूने फळ्या मारून घेतल्या, घाण आत पडू नये म्हणून. काकी अजून म्हणते की बरं नव्हे ते, पण तिच्या भाताच्या कणगीत यंदा उंदीर कमी आहेत हे तिनेच मला सांगितलं.